सटवाईचे राहून गेलेले अक्षर

"उमटनं! उमटनं!"

दर गुरुवारी सकाळी हा गलका शाळेपर्यंत ऐकू येई आणि माझ्या वर्गातली सगळी डोकी एकदम खिडकीकडे वळत. कळसाडीहून सातपुड्याकडे निघाले की आमचे गाव लागते. बासष्ट सालच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोठ्या वडाखाली एक बाबा येऊन बसला होता. त्याच्या दर्शनाला शहादा-प्रकाशाकडून बैलगाड्या येत आणि पार खांडबाऱ्याची माणसे रेल्वे न् एसटी बदलत येत. दिवस कापूस वेचणीचे. शेतात बोंडे फुटून लोंबत होती आणि वेचणाऱ्या बाया वडाखाली हात जोडून बसल्या होत्या.

लोक त्याला अक्षरबाबा म्हणत. अंगात भगवी कफनी, डोळ्यांत बोटभर काजळ आणि तोंडात हिंदी-मराठीची अशी भेसळ की दूधवाल्याने शिकवणी लावावी. त्याचा धंदा आमच्याच एका चालीवर उभा होता. मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असे आमच्याकडे घरोघर मानतात. तिची अडचण होऊ नये म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, शेजारी दिवा लावतात.

बाबा मुलाला मांडीवर घेई, त्याच्या कपाळाकडे टक लावी, मग डोळे मिटून लांब उसासा टाकी.

"कोरा! बिलकुल कोरा! माई, पाचवीच्या राती दिवा विझला होता काय?"

आता तुम्हीच सांगा, बाळंतिणीच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत कोणाच्या घरी टिकतो? तेल संपते, वारा येतो, राखणीला बसलेल्या आजीला डुलकी लागते. पण आई रडू लागे, आजी कपाळ बडवून घेई.

"विझना व्हता महाराज, विझना व्हता!"

"बस्स! देवी अंधारात आली, अंधारात गेली. अक्षर राहून गेलं. म्हणून तर पोराच्या ध्यानात काही ठरत नाही. घाबरू नको. देवीचं राहिलेलं काम करायला आम्ही बसलो आहोत."

मग बाबाची शिष्या पोराला पडद्यामागे नेऊन 'शुद्ध' करी. हिला माताजी म्हणत. पोर बाहेर येई तेव्हा कपाळ स्वच्छ असे. बाबा चिमूटभर राख त्यावर चोळी, फुंकर मारी, आणि करड्या रेघांत ठसठशीत 'श्री' उभा राही. ज्यांना वाचता येत नव्हते तेही "काय अक्षर शे!" म्हणून माना डोलवीत. पेढे, नारळ, तुपाचे डबे पुढे सरकत.

मी दोन गुरुवार मागे उभा राहून पाहिले. ज्याच्या त्याच्या कपाळी 'श्री'. देवीला सगळ्या मुळाक्षरांत एवढे एकच अक्षर येत असावे. असला विद्यार्थी मी पहिलीतून वर चढवला नसता.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण माझ्या शेजारी गिरधरभाईंचे घर होते.

गिरधरभाई गुजर शेतकरी, तापीकाठच्या नात्यागोत्याचा, केळी-कापसाचा हिशेब तोंडावर करणारा माणूस. घरात त्याची आई तापीबाई, बायको रंजना आणि चार वर्षांचा मुलगा दगा. आधीची दोन मुले गेली म्हणून याचे नाव दगा, म्हणजे दगडासारखा टिकावा म्हणून. तो टिकला, पण वाढला नाही. मान उशिरा धरली, अजून धड चालत नव्हता, बोलत तर नव्हताच. जाडसर जीभ ओठांबाहेर येई, कातडी कोरडी असे. हाक मारली तर सावकाश वळून इतके गोड हसे की हाक मारणारा पुन्हा हाक मारी. रंजनाच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. ती पदराने झाकून घेई. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

शहाद्याचे सरकारी डॉक्टर महिन्यातून एकदा आमच्या शाळेच्या ओट्यावर रोगी तपासत. त्यांनी रंजनाचा गळा चाचपला, दगाला मांडीवर घेतले आणि गिरधरभाईला समोर बसवले.

"ही गाठ आणि हा मुलगा, दोन्हींचं मूळ एकच आहे," ते म्हणाले. "आपल्या गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तातून सगळीकडे जातो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो रस सांगतो, वाढ. तो रस करायला आयोडीन लागतं. डोंगरपायथ्याच्या पाण्यामातीत ते कमी आहे. मग ग्रंथी बिचारी फुगते, पण रस पुरत नाही."

"मेंदू आपोआप वाढस ना, डाक्तरसाहेब?" गिरधरभाईने विचारले.

"तुझी कपाशी आपोआप वाढते?"

गिरधरभाई हसला. "तठे तं पानी लागस, खत लागस."

"मेंदूचंही तसंच. मेंदूत पेशी असतात. एक पेशी दुसरीकडे तंतू सोडते, मुळासारखे. ते तंतू एकमेकांना जितके भिडतील तितकं आपल्या ध्यानात राहतं. परदेशात शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भातल्या मज्जापेशी काचेच्या बशीत ठेवल्या आणि वर एक द्रव्य घातलं. सूर्याला किरण असतात ना, तसे त्या पेशींना चहूकडून तंतू फुटले. अशी वाढ करणारी द्रव्यं शरीर स्वतःच बनवतं. पण ज्याला जे लागतं ते वेळेवर मिळालं पाहिजे. बोंड धरायच्या वेळी पाणी तुटलं, तर मागून विहीर रिकामी करून काय उपयोग?"

हे गिरधरभाईला पुस्तकापेक्षा लवकर समजले. डॉक्टरांनी रंजनाला एक लहान तपकिरी बाटली दिली. रोज पेलाभर पाण्यात एक थेंब, जास्त नाही. "बाळाचा मेंदू आत्ता बांधला जातोय," ते म्हणाले. "चुकवू नको, ताई."

रंजनाने ती बाटली देवघरात ठेवली. सून औषध घेते आणि देवही राखण करतो, म्हणून तापीबाईचेही समाधान झाले. पण नातवासाठी कोणी बाबाचे नाव घेतले आणि तापीबाई एका गुरुवारी दगाला घेऊन वडाखाली गेली. सोबत मोठ्या मुलाची मुलगी बेबी. ती माझ्या चौथीत होती आणि तेराच्या पाढ्याशी तिचे वैर होते.

दोघांच्या कपाळी 'श्री' उमटला. बाबाने तापीबाईला औषधाबद्दल खोदून विचारले, गिरधरभाईला बोलावून बाटली घरून मागवली आणि ताटातल्या भातावर एक थेंब टाकला. पांढराशुभ्र भात बघता बघता काळानिळा पडला.

"जहर!" बाबा किंचाळला. "पोटातलं लेकरू असंच आतून काळं पडतंय! माई, पुढच्या गुरुवारी सुनेला घेऊन ये. ही बाटली माझ्या पायाशी ओत, मग मी गर्भावर अक्षर घालीन. तोवर एक थेंब पोटात गेला तर अक्षर धरणार नाही!"

त्या दिवसापासून रंजनाचे औषध बंद झाले. मी गेलो तेव्हा गिरधरभाई ओट्यावर मान खाली घालून बसला होता.

"गुरजी, तुम्हनं पुस्तकमातलं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मन्हा डोयामोरे एक थेंब पडना नि बठ्ठा भात काया व्हई गया."

"काळा झाला म्हणजे विषच कशावरून?"

"मंग कसाले काया व्हयना?"

आतून तापीबाईचा आवाज आला. "मास्तर, तुम्हले काय करनं शे? नातू मन्हा शे. त्या दिनले दिवा विझना. मीच झोपी गयथू. आते परत नही झोपाव मी."

तिच्या आवाजात राग नव्हता, चार वर्षे जपलेली टोचणी होती. बाबाने नेमकी तीच धरली होती. मला त्या माणसाची किळस आली. चोर घरातला पैसा नेतो. हा घरातल्यांचा अपराधीपणा चोरून त्याचेच दुकान मांडून बसला होता.

शाळेत शुक्रवारी फळा पुसायची पाळी बेबीची होती. ती डस्टर भिंतीवर आपटत होती आणि खडूची भुकटी तिच्या डोक्यावर उडत होती. घामेजल्या तोंडाने ती वर्गात आली आणि एकच आरडाओरडा झाला.

"गुरजी! बेबीना कपायवर श्री!"

"सटवाई आते खडूघाई लिखस!"

बेबी रडकुंडीला आली. मी पाहिले. तिच्या कपाळावर खडूच्या भुकटीत पांढराफेक 'श्री' उठला होता, वळणासकट तोच.

"बेबी, कालपासून तोंड धुतलंस का?"

"दोनदाव धुतं, गुरजी."

"पडद्यामागे माताजीने काय केलं?"

"बोट फिरायं. थंडगार लागनं. मंग कातडी ताणायनी."

मी बोटाने पुसून पाहिले. रबरासारखी बारीक सुरळी हाती आली. पोरांना म्हटले, चला. सगळी वरात घेऊन मी वडाकडे गेलो. बाबा गावात जेवायला गेला होता. वडाला सावली मोठी, पण माणसाचा हात पोचेल तिथल्या फांद्या जवळजवळ उघड्या पडल्या होत्या. पाने देठासकट खुडलेली. मी एक पान तोडले. देठातून पांढरा चीक आला. त्याने मी माझ्या दंडावर लिहिले आणि वाळू दिले. काही दिसेना. मग वर राख चोळली, फुंकर मारली.

'गाढव.'

पोरे इतकी हसली की दोघातिघांना ठसका लागला. नंतर त्यांना आवरणे माझ्या हातात राहिले नाही. कोणी दंडावर मामाचे नाव काढले, कोणी बैल, कोणी नुसती शिंगे.

भाताचे कोडे राहिले होते. ते सुटले शाळेच्या औषधपेटीपाशी. खेळताना गुडघा फुटला की मी टिंक्चर आयोडीन लावत असे. डॉक्टरांच्या शब्दांतला 'आयोडीन' डोक्यात वाजला आणि ट्रेनिंगमध्ये केलेला एक प्रयोग आठवला. मी पोरांच्या डब्यांतले थोडे थोडे खाणे घेतले. भाकरीवर थेंब टाकला, काळी. उकडलेल्या बटाट्यावर, काळा. भातावर, काळा. गुळावर टाकला, काही नाही. मिठावर, काही नाही.

"का?" मी विचारले.

बेबीने काळे पडलेले तुकडे एका बाजूला सारले. "जेमा खळ शे ते काये पडनं, गुरजी. धोतरले देतस ती खळ." तेराचा पाढा न येणारी पोर ती.

गुरुवारी वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने आवाज चढवला होता. "आज गर्भलेखन! कलियुगात एकदाच! डोळे उघडे ठेवा, मन बंद ठेवा!" हे एक वाक्य मात्र तो खरे बोलला.

रंजना सासूशेजारी उभी होती, बाटली पदरात धरून. "माई, ओत ते जहर!" बाबाने फर्मावले.

"महाराज, ओतण्याआधी एक शंका," मी पुढे झालो.

"विचार, मास्तर. अज्ञानी विचारतो, ज्ञानी सांगतो."

"भात काळा पडला म्हणजे औषधात विष. बरोबर?"

"जे काळं करतं ते काळ!"

"मग हे बघा." मी तापीबाईच्याच घरून आणलेली भाकरी पुढे धरली आणि शाळेतल्या टिंक्चरचा थेंब टाकला. भाकरी काळी पडली. लोक पुढे सरकले. "हे तुमच्या पोरांच्या गुडघ्याला मी रोज लावतो. कोणी मेलं का? आता गूळ बघा. काही नाही. मीठ बघा. काही नाही. विष असतं तर गुळाला घाबरलं असतं का? भाकरीत खळ आहे, भातात खळ आहे. हे औषध खळीला भेटलं की काळंनिळं दिसतं. एवढंच."

"पाखंडी!" बाबा ओरडला. "देवाच्या दारात—"

"देवाच्याच दारात पाहू," म्हणत मी त्याच्यासमोरच्या प्रसादाच्या ताटातल्या शिऱ्यावर थेंब टाकला. तुपात न्हालेला तो शिरा काळा ठिक्कर पडला. "आता सांगा. विष माझ्या बाटलीत की तुमच्या प्रसादात? प्रसादात असेल तर ही सगळी मंडळी गेले महिनाभर तेच खाताहेत."

मागून कोणी तरी फिसकन हसले. गर्दीत पहिले हसू फुटले की बाबाचे निम्मे देवत्व गळते. उरलेले निम्मे माझ्या पोरांच्या कपाळांवर होते.

"बेबी, पोरांनो, कपाळं दाखवा."

पोरे रांगेत उभी राहिली. कपाळे कोरी. मी खडूची भुकटी त्यांच्यावर झटकली. एकाच्या कपाळी बैल उमटला, एकाच्या आंबा, बेबीच्या कपाळी 'श्री' आणि सर्वांत खोडकर होता त्याच्या कपाळी खुद्द बाबा, काजळासकट.

"सटवाईनं काम सोडलं असेल, मंडळी," मी म्हणालो, "पण वडाने सोडलेलं नाही. त्याचा चीक पडद्यामागे लागतो, वाळला की दिसत नाही, राख बसली की दिसतो. या फांद्या बघा. एकही पान हाताशी उरलेलं नाही. माताजी, जरा तुमची बोटं दाखवता?"

माताजीने हात पदरात घेतले. त्यांची बोटे कोणी पाहिली नाहीत, पण तो पदर सगळ्यांनी पाहिला.

बाबा शापाला लागला. कोणाचे वंश बुडतील, कोणाची केळी सडतील, कोणाला सात जन्म गुरुजी व्हावे लागेल. या शेवटच्या शापाचे मला वाईट वाटले नाही.

पण या गोंधळात मी बघत होतो तो एकाच हाताकडे. रंजनाचा हात पदरातून बाहेर आला. बाटली तशीच होती.

"बेबी, पेलाभर पानी लई ये वं," ती म्हणाली. गावात कोणी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

बेबी पळाली. रंजनाने पाण्यात मोजून एक थेंब टाकला आणि सासूकडे पाहिले. परवानगी मागायला नाही, कळवायला. गिरधरभाईने मान वळवून घेतली. तापीबाई पुढे झाली.

"ले माय. ले."

सगळ्या गावासमोर ती पेला प्यायली.

दुपारच्या गाडीने बाबा आणि माताजी गेले. तुपाचे डबे मात्र आठवणीने नेले. व्याघ्रासन म्हणून मांडलेले रंगवलेले घोंगडे राहून गेले. त्यावर पुढे बरेच दिवस गावातली कुत्री झोपत. काही शहाणी माणसे अजूनही सांगतात की बाबा खरा होता, गुरुजींच्या नजरेने त्याची शक्ती गेली. अशा माणसांच्या कपाळावर चीक लावायचीही गरज नसते. राख आपोआप बसते.

त्या दिवशी संध्याकाळी तापीबाई माझ्याकडे आली. "मंग मन्हा दगा?" तिने विचारले. "त्याले बी थेंब देवा ना?"

हे उत्तर देणे मला बाबाला उघडे पाडण्यापेक्षा कितीतरी जड गेले. मी डॉक्टरांचेच शब्द सांगितले. त्याला गोळ्या देता येतील, अंगात थोडी हुशारी येईल, कदाचित चालेल, दोन शब्द बोलेल. पण जी वेळ निघून गेली ती कोणीही परत आणू शकत नाही. बाबाने तिला सगळ्याचे वचन दिले होते. मी एवढेच देऊ शकलो. ती रडली, मग म्हणाली, "तुम्हीन खरं सांगं, गुरजी." पुढे दगा चालू लागला. "माय" म्हणू लागला. त्याहून जास्त नाही.

रंजनाला मुलगी झाली. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तापीबाई शाळेत आली. हातात पाटावरचा कोरा कागद.

"गुरजी, मी रातभर जागी व्हतू. दिवा विझू दिधा नही, वात घडीघडीले सारी. नि हाई दखा." तिने कागद उलटसुलट करून दाखवला. "कोराच शे."

"आधी कधी असा पाहिला होतात?"

"कोनीच नही दखं व्हतं," ती हळू म्हणाली. "सकायले उचलीसन ठी देत व्हतूत."

पिढ्यान् पिढ्या कागद ठेवला गेला आणि सकाळी तो उलटून पाहायचे कोणाच्या मनात आले नाही. त्या निरक्षर बाईने पाहिले. ती मुलगी, कमल तिचे नाव, पुढे माझ्याच पहिलीत आली. तोवर चांगली मोठी झालेल्या बेबीआधी तिने तेराचा पाढा म्हणून दाखवला. त्यावरून दोन्ही बहिणींत बरेच दिवस बोलणे नव्हते.

कपाळाच्या हाडावर काही लिहिलेले नसते. त्याच्या आत जे असते ते आईच्या पोटात पेशीपेशीने बांधले जाते, आणि त्याला अन्न, औषध आणि पुढे शिकवणारे कोणी तरी लागते. यातले काही कमी पडले तर ते भरून काढायला धावा, राख चोळायला नाही. आणि तुमच्या घरी कोणी काजळ घातलेला येऊन "दिवा विझला होता का?" असे विचारू लागला, तर रडू नका. त्याला उलट विचारा: ज्याचा विझला नाही, त्याचा कागद तू पाहिलास का?